माझ्या आयुष्याचा पूर्वार्ध (चिनी मालिका)

माझ्या आयुष्याचा पूर्वार्ध (मूळ चिनी नाव: वो द छिएन बान शंग) ही शांघाय शहरात घडणारी, ४२ भागांची चिनी दूरचित्रवाणी मालिका आहे. तिचे प्रसारण ४ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. दिग्दर्शन शेन यान यांचे, तर पटकथा छिन वेन यांची आहे. हाँगकाँगच्या लेखिका यी शू यांच्या याच नावाच्या कादंबरीवर ती आधारित आहे.

कथानक

लुओ झिजुन (मा यीली) ही सुखवस्तू गृहिणी. घरकामाला बाई, हाताशी पतीचा पैसा आणि मनात सतत संशय, असे तिचे आयुष्य असते. महागडी खरेदी करणारी, दुकानातील नोकरांशी तोऱ्याने वागणारी ही नायिका आरंभीच्या भागांत मुद्दाम अप्रिय रंगविली आहे. पती छन जुनशंग (लेई जियायिन) याच्या कार्यालयातील एका तरुण मुलीवर ती पाळत ठेवते. प्रत्यक्षात तो गुंतलेला असतो लिंग लिंग (वू युए) या साध्या राहणीच्या, एका मुलाची आई असलेल्या सहकारिणीत. घटस्फोटाची मागणी तोच करतो. मुलाचा ताबा मिळवायचा तर उत्पन्न हवे, म्हणून झिजुन बुटांच्या दुकानात विक्रेती होते. जिवलग मैत्रीण थांग जिंग (युआन छुआन) आणि तिचा अनेक वर्षांचा प्रियकर, व्यवसाय सल्लागार हे हान (जिन दोंग), तिला सावरतात. पुढे हे हान व झिजुन एकमेकांकडे ओढले जातात आणि मैत्रीत तडा जातो.

साहित्यिक पार्श्वभूमी

झिजुन हे नाव यी शू यांनी लू शुन यांच्या १९२५ मधील ‘गतकाळाचा शोक’ या आशयाच्या शीर्षकाच्या कथेतून घेतले. त्या कथेतील झिजुन घरच्यांचा विरोध पत्करून जुआनशंगसोबत राहू लागते. त्याची नोकरी जाते, प्रेम ओसरते, आणि वडिलांच्या घरी परतलेल्या झिजुनचा मृत्यू होतो. त्यापूर्वी, डिसेंबर १९२३ मध्ये, पेचिंग येथील महिला महाविद्यालयात दिलेल्या व्याख्यानात लू शुन यांनी इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाऊस’मधील नोराचा प्रश्न मांडला होता (मराठीत हे नाटक अनंत काणेकर यांच्या ‘घरकुल’ या रूपांतरामुळे परिचित आहे): घर सोडलेल्या नोराच्या हाती पैसा नसेल, तर अधःपतन किंवा परत फिरणे, एवढेच मार्ग उरतात. यी शू यांच्या झिजुनपुढे तिसरा मार्ग खुला होतो. ती कमावू लागते आणि पुढे पुन्हा विवाहही करते.

मूळ कादंबरीत हे हान हे पात्रच नाही; ते मालिकेने घातले. झिजुनच्या जवळपास प्रत्येक वळणावर तो सल्ला देतो, ओळखी काढून देतो, अडचण निवारतो. त्यामुळे स्वावलंबनाची कथा पाहता पाहता प्रेमकथेकडे झुकते, आणि पतीवरील अवलंबित्व संपले की केवळ आधार बदलला, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

प्रतिसाद

चीनमध्ये मालिका अत्यंत लोकप्रिय झाली. वादही तितकाच झाला. पतीच्या विश्वासघाताने पोळलेली स्त्री मैत्रिणीच्या प्रियकरात गुंतते, हे अनेकांना पटले नाही. यी शू यांच्या वाचकांचा राग अधिक होता, कारण कादंबरीत या दोघींची मैत्री अभंग राहते. वू युए यांच्यावर समाजमाध्यमांवर एवढी शिवीगाळ झाली, की त्यांना आपल्या खात्यावरील प्रतिक्रिया बंद कराव्या लागल्या. लिंग लिंगचे काम त्यांनी किती संयमाने केले, हे त्या गदारोळात झाकले गेले.

पुरस्कार

२०१८ च्या शांघाय दूरचित्रवाणी महोत्सवात मा यीली यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मॅग्नोलिया पुरस्कार मिळाला. झिजुनच्या हिशेबी पण मायाळू आईची भूमिका करणाऱ्या श्यू दी सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्री ठरल्या.