बारा तुकड्या, एक फासा

प्राचीन लढायांची वर्णने वाचताना वाटते, सेनापतीने हुकूम द्यावा आणि सैन्याने हलावे. १९९० साली ब्रिटनमधील वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने काढलेल्या ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ या छोट्या नियमपुस्तिकेने नेमका हा समज हलवला. तिच्या कर्त्यांपैकी एक फिल बार्कर. त्यांचे आधीचे नियम तक्त्यांनी जड झालेले. इथे बोटाच्या पेराएवढ्या सैनिकांच्या फक्त बारा तुकड्या प्रत्येक बाजूला, आणि डाव तासाभरात उरकतो.

मुख्य नियम साधा आहे. दर पाळीला एक फासा टाकायचा. जितके दान पडेल तितक्याच हालचाली. जोडून उभी रांग एका हालचालीत पुढे सरकते. ती मोडली, की प्रत्येक तुकडीसाठी वेगळे दान खर्च होते.

मित्रांबरोबर मी इ.स.पू. ३२६ची झेलमकाठची लढाई मांडतो. रांग अभंग असते तोवर पोरसाचे हत्ती भारी पडतात. अलेक्झांडरचे घोडदळ बगलेवर आले, की तिकडे वळण्यासाठी रांग मोडावी लागते, आणि दान पडते दोन.

कोंडलेल्या हत्तींनी शत्रूबरोबर स्वकीयांनाही तुडवले, असे एरियन लिहितो. आपल्याकडे पराभवाचे खापर या बिथरलेल्या हत्तींवरच फुटते. पटावरचा डाव पुरावा म्हणून मांडता येणार नाही. मात्र एरियन पुन्हा वाचताना मी आता आधी हे शोधतो: हत्ती बिथरण्यापूर्वी पोरसाचा हुकूम किती तुकड्यांपर्यंत पोहोचू शकत होता?