वसईचा किल्ला : पडद्यावरचे रान आणि पडद्याआडचा इतिहास

पालघर जिल्ह्यातील वसईच्या किल्ल्यात शिरल्यावर प्रथम जाणवते ते रान. ताडांची गर्दी, तटाच्या सांध्यांत रुतलेली वड-पिंपळाची मुळे, छप्पर हरवलेल्या चर्चच्या भिंतींवर चढलेल्या वेली आणि बाहेर खाडीकाठची तिवरे. मुंबईहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे असे भग्न वैभव जवळपास दुसरे नाही. त्यामुळे चित्रपटवाल्यांचा येथे राबता आहे. ‘जोश’ (२०००) या गोव्यात घडणाऱ्या चित्रपटासाठी या भिंती गोव्याच्या झाल्या. २०१६ साली कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या एका गाण्यात त्या नुसत्याच ‘भारत’ म्हणून आल्या. वसई ‘वसई’ म्हणून मात्र पडद्यावर क्वचितच दिसते.

वास्तविक या जागेला स्वतःची भरगच्च कथा आहे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढे दोन शतके ते त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे राहिले. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत माहीम, केळवे, शिरगाव ही ठाणी पडली. तारापूर घेताना बाजी भीवराव रेठरेकर कामी आले. मग वसईला निकराचा वेढा पडला. सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग उडवले गेले आणि मे महिन्यात किल्ला शरण आला. विजयी मराठ्यांची मनुष्यहानी पराभूतांपेक्षा कितीतरी अधिक होती.

आज दिसणारी सगळी पडझड या वेढ्याची नव्हे. वस्ती उठली, इमारतींचे सामान गेले, एकोणिसाव्या शतकात तटाच्या आत उसाच्या लागवडीचाही प्रयोग झाला. म्हणजे कॅमेऱ्याला जे गूढरम्य वाटते, त्यातले बरेचसे अनास्थेने घडवलेले आहे. चौकटीला शोभा आणणारी मुळेच दगडांचे सांधे फोडत असतात. किल्ला राखायचा तर ती काढावी लागतात, आणि ती काढली की ‘लोकेशन’चे रूप पालटते. पडद्याचे हित आणि वास्तूचे हित येथे एकमेकांस छेद देतात.

या विजयात मिळालेल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या. वाईजवळच्या मेणवलीत, नाना फडणवीसांनी बांधलेल्या घाटावर, त्यांपैकी एक आहे. तिच्यावर १७०७ हे साल कोरले आहे. योगायोग असा, की मेणवलीही चित्रपटवाल्यांची आवडती. ‘स्वदेस’ (२००४) मध्ये ती उत्तरेकडचे चरणपूर झाली. वसईची घंटा आणि वसईचे तट, दोघांच्याही वाट्याला परकी नावे आली.

कल्पित कथेने कोणतीही जागा उसनी घ्यावी, हा तिचा हक्कच आहे. पण उसनवारीची नोंद ठेवण्याची रीत असते. अखेरच्या श्रेयनामावलीत ठळकपणे ‘वसईचा किल्ला’ एवढे दोन शब्द आले, तरी एखादा प्रेक्षक १७३९ पर्यंत पोहोचू शकेल.