रडतां रडतां कोंडणारा श्वास



दीड वर्षाच्या मुलाच्या हातांतली कात्री आई काढून घेते. मूल हंबरडा फोडतें, दोन हुंदके बाहेर पडतात आणि आवाजच थांबतो. ओठ जांभळे होतात, अंग लुळें पडतें. बहुधा मिनिटाच्या आंतच मूल पुनः श्वास घेतें. परंतु तेवढ्यांत घरांत आकांत झालेला असतो. कोणी कांदा फोडून नाकाशीं धरतो, कोणी मीठ-मोहऱ्या ओवाळतो. मूल शुद्धीवर येतें तें आपोआप. श्रेय मात्र कांद्याला मिळतें!

पुष्कळांस हें फेंफरेंच वाटे, आणि तीं औषधें अशा मुलांना विनाकारण देण्यांत येत. या झटक्यांचें मूर्च्छेशीं व आंचक्यांशीं नातें काय, याचा विचार ब्रिज, लिव्हिंग्स्टन आणि टीट्झे यांनीं १९४३ सालीं एका निबंधांत केला. फेंफऱ्याला रडण्याचें निमित्त लागत नाहीं. येथें रडें, पडणें किंवा दचकणें हें आधीं असतेंच.

१९६७ सालीं लाँब्रोसो व लर्मन यांनीं याचे निळा व पांढरा असे दोन प्रकार मांडले. पांढऱ्या प्रकारांत मूल फारसें रडतहि नाहीं. डोक्याला लहानसा मार लागतो आणि तें फटफटीत पडतें, कारण हृदयच कांहीं क्षण थबकतें. व्हेगस नांवाची मज्जा उत्तेजित केली असतां हृदय थांबतें, हें वेबर बंधूंनीं १८४५ सालींच प्राण्यांवर दाखविलें होतें! निळ्या प्रकारांतहि मूल श्वास ‘धरून’ ठेवीत नाहीं. उच्छ्वास संपल्यावर तो कोंडतो, आणि तें त्याच्या इच्छेबाहेरचें असतें. म्हणजे रूढ नांवच फसवें. मी शाळामास्तर, वैद्य नव्हे. परंतु ‘हट्टी’ हा शिक्का मारण्यांत आमचा वर्गहि मागें नव्हता, हें कबूल करतों.

खरा धागा रक्तांत सांपडला. होलोवाक व थर्स्टन यांनीं १९६३ सालीं या झटक्यांचा पंडुरोगाशीं संबंध दाखविला. पुढें १९९७ सालीं जॉर्डनमधील दाऊद व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कांहीं मुलांना लोह दिलें व कांहींना नुसतें नांवापुरतें औषध. लोह मिळालेल्या बहुतेकांचे झटके थांबले अथवा पुष्कळ कमी झाले. दुसऱ्या गटांत तसें क्वचितच घडलें. आपल्याकडे ‘आमचा बाळ नुसत्या दुधावर राहतो’ असें कौतुकानें सांगतात. दुधांत लोह अगदींच थोडें असतें, हें त्या कौतुकांत कोणाला आठवत नाहीं.

झटका आल्यास मुलाला कुशीवर निजवावें, तोंडांत कांहीं घालूं नये, गदगदां हलवूं नये. पहिल्या झटक्यानंतर डॉक्टरांस दाखवून रक्त तपासावें; मूल पांढरें पडत असेल तर हृदयाचा आलेखहि काढवून घ्यावा. झटका मिनिटाहून लांबला किंवा मूल सहा महिन्यांहून लहान असलें, तर विलंब नको. एरवीं सहाव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांचे झटके आपोआप बंद होतात. तोंवर रडेल या भीतीनें प्रत्येक हट्ट पुरवीत बसण्याचें कारण नाहीं. कात्री काढूनच घ्यावी.