कुलपातलं पुस्तक आणि गागोदे

तर झालं असं की, गेल्या शनिवारी पेणला मित्राकडे जायचं होतं, म्हणून यष्टीत वाचायला उंबेर्तो एकोची 'द नेम ऑफ द रोझ' घेतली. मूळ इटालियन कादंबरी १९८० ची, इंग्रजी अनुवाद १९८३ चा. याआधी दोनदा सुरू करून हा ठोकळा ठेवून दिला होता. या वेळी रात्री जागून संपवला. (शेवट आधी कळलेला चालत नसेल तर इथेच थांबा :) )

काळ नोव्हेंबर १३२७. उत्तर इटलीतला एक मठ, सात दिवस आणि एकामागून एक मरणारे साधू. तपासाला विल्यम ऑफ बास्करव्हिल, नावातच शेरलॉक होम्सला रामराम! मठाचं ग्रंथालय म्हणजे भूलभुलैया, आत जायची परवानगी फक्त ग्रंथपालाला. खून होतात ते एका पुस्तकापायी. ॲरिस्टॉटलच्या 'पोएटिक्स'चा विनोदावरचा दुसरा भाग. लोक हसायला लागले तर देवाची भीती राहणार नाही, म्हणून एका आंधळ्या म्हाताऱ्या साधूने त्याच्या पानांना विष लावून ठेवलेलं. बोट जिभेला लावून पान उलटलं की खेळ खलास. विल्यम भलताच धागा धरून खऱ्या गुन्हेगारापर्यंत पोचतो. लॉजिक चूक, आउटपुट बरोबर! प्रोग्रामर मंडळींना हे वेगळं सांगायला नको. शेवटी पुस्तक जळतं, ग्रंथालयही जळतं. 'पोएटिक्स'चा तो भाग खरोखरच आज उपलब्ध नाही.

खुनी सापडला तरी मला चैन पडेना. डोक्यात एकच... ज्याला वाचता येतं तोच दुसऱ्याला का अडवतो?

सकाळी चहा घेताना मित्राच्या आईला हे सगळं सांगत होतो. काकू म्हणाल्या, "अरे, मग इथवर आलायस तर विनोबांचं गागोदं बघून जा." त्यांच्या देवघरात 'गीताई' होती, कोपरे झिजलेली. रोज एक अध्याय वाचतात. "ती कळते रे," म्हणाल्या.

बाईक काढून गागोदे बुद्रुकला गेलो. पेण तालुक्यातलं हे गाव. ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबा इथे जन्मले, लहानपणही इथेच गेलं, पुढे बडोदा. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता समजून घ्यायची होती. संस्कृत येत नव्हतं आणि मिळालेला मराठी पद्यानुवादही जड गेला. तेव्हा तूच सोपी गीता लिही, असं त्यांनी मुलाला सांगितलं.

म्हणजे कुलूप आपल्याकडेही होतंच. तिकडे लॅटिन, इकडे संस्कृत. एकोच्या मठातल्या खुनांच्या ३७ वर्षं आधी, १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरांनी ते मराठीत उघडलं होतं. पण सहाशे वर्षांत भाषा बदलते. उघडलेलं दार पुन्हा घट्ट बसतं, कुणीतरी ते परत उघडावं लागतं.

रुक्मिणीबाई १९१८ मध्ये गेल्या. विनोबांनी 'गीताई' लिहिली १९३०-३१ मध्ये. जिच्यासाठी लिहिली तिने ती कधी पाहिलीच नाही. तिथे उभं असताना हे आठवलं आणि थोडा वेळ काही बोलवेना.

पुढची गंमत बघा. १९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचनं त्यांनी कैद्यांपुढे दिली. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, तीच 'गीता-प्रवचने'. मठाचं ग्रंथालय पुस्तकांसाठीच बांधलेलं, तिथे पुस्तक मेलं. तुरुंग माणसं कोंडायला बांधलेला, तिथून पुस्तक बाहेर आलं.

परतताना यष्टीत तो आंधळा साधू काही डोक्यातून जाईना. कारण हापिसात एक डिप्लॉयमेंट स्क्रिप्ट आहे, ती फक्त मलाच कळते. टीममधल्या नव्या मुलीने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "मी करून देतो ना" म्हणालो. मदत वगैरे काही नाही हो, आपल्यावाचून अडलं पाहिजे, एवढंच. पानांना विष नव्हतं, पण कुलूप माझंच होतं.

असो. रविवारची रात्र आहे, त्या स्क्रिप्टवर चार पानं लिहायला बसतोय. तिला कळतील अशी.