सुरक्षित की सुरू?

आमच्या पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्यात कधी आलात तर तटातल्या जंग्या जरूर बघा. आतला माणूस बंदुकीची नळी बाहेर काढून नेम धरू शकेल, पण बाहेरच्याला आतला दिसणार नाही, अशी ती भोकं. १७२७ साली जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी हा किल्ला बांधला. झाशीच्या नेवाळकर घराण्याचं पारोळ्याशी नातं आहे, ते बहुतेक वाचकांना माहीत असेलच. १८५९ साली इंग्रजांनी गाव जप्त केलं आणि किल्ल्याची मोडतोड केली. आज दिसतं ते त्यातून उरलेलं.

या जंग्यांमागे उभे राहणाऱ्यांच्या हातात तोड्याच्या बंदुका असत. तोडा म्हणजे धुमसत ठेवलेली वात. ती कानावरच्या रंजकीला टेकली की बार उडायचा. वात लांब असली की बंदूक गप्प. पुढे चकमकीच्या बंदुका आल्या. त्यांचा घोडा अर्ध्यावर ओढून ठेवला की अडकून बसे आणि चाप दाबला तरी पडत नसे, निदान पडू नये अशी अपेक्षा असे. त्यावर अक्षर कोरलेलं नव्हतं, कोरलं असतं तरी वाचलं किती जणांनी असतं? घोडा कुठे आहे ते दहा पावलांवरूनही दिसे, तीच खूण.

हे सगळं आठवायचं कारण आमचा टेक्सासमधला भाचा. तिकडे काही जण रायफलचे भाग विकत आणून शेवटचं काम घरी करतात, हा त्याचा नवा छंद. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय असलं काही करणं गुन्हा आहे, तेव्हा इकडच्या भाच्यांनी हुरळून जाऊ नये. तिकडेही अशा जुळणीच्या संचांवर २०२२ साली नियम आला आणि तो २०२५ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला.) तर त्याने विचारलं, "मामा, खटक्याशेजारी सेफ आणि फायरसाठी मराठीत एकेक अक्षर कोरायचंय. तुम्ही मराठीचे मास्तर, तुम्हीच सांगा."

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. 'सुरक्षित'चा सु? पण 'सुरू'चाही सुच. मग 'बंद'चा ब? तर 'बार'ही ब वरूनच. 'चालू' आणि 'बंद' असे शब्द घेतले तर आणखीनच घोटाळा. चालू काय, बंदूक की तिचा खटका? इंग्रजीत 'सेफ्टी ऑन' म्हणतात तेव्हा बंदूक बंद असते! विजेच्या बटणाला चालणारी भाषा इथे चालत नाही. बटण चुकलं तर उजेड पडणार नाही. हे चुकलं तर समोरचा माणूस जाईल, आणि घरात शाळकरी मुलं आहेत.

बंदुकीवर खुणा दोन तऱ्हेच्या असतात, हे इथे सांगायला हवं. एक सरकारसाठी. कोणी बनवली, क्रमांक काय. आपल्या शस्त्र कायद्यात अशा ओळखखुणांसाठी कलम ८ आहे. दुसरी खूण ज्याच्या हातात बंदूक आहे त्याच्यासाठी. पहिली सावकाश, चष्मा लावून वाचता येते. दुसरी घाईत, अंधारात, घामेजल्या अंगठ्याखाली कळावी लागते. भाच्याचा प्रश्न दुसरीचा होता आणि मी उत्तर शोधत होतो शब्दकोशात.

शाळेत असताना माझ्याकडे बरीच वर्षं एनसीसी होती. (एनसीसीचा कायदा १९४८ चा.) कवायतीला थ्री-नॉट-थ्री. तिच्या लोखंडावर कारखान्याच्या खुणा भरपूर. जुन्या असतील तर मुकुट आणि जीआरआय, म्हणजे राजा आणि सम्राट जॉर्ज. स्वातंत्र्यानंतरच्या असतील तर अशोकस्तंभाचे सिंह आणि आरएफआय, म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर. पण सेफ्टी कॅचजवळ काहीच नाही! डाव्या बाजूला छोटासा खटका. पुढे ढकलला की फायर, मागे ओढला की सेफ. पोरांना एकदा अंगठ्याने शिकवलं की पुढच्या आठवड्यात डोळे मिटून सांगत. दोन महायुद्धांत गढवाली, मराठा, पंजाबी, गुरखा अशा किती भाषांच्या शिपायांनी ही रायफल वापरली. कुणाच्या लिपीत लिहायचं हा प्रश्नच त्या खटक्याने उद्भवू दिला नाही.

त्यानंतर ब्रिटिश घडणीची एसएलआर आली. तिच्यावर एस आणि आर. एस म्हणजे सेफ हे कळतं. आर म्हणजे रिपिटिशन, दर वेळी चाप ओढल्यावर एक गोळी. शिकवल्याशिवाय हे कुणाच्या डोक्यात येईल, सांगा.

परक्या लिपीवरून नाशिक आठवतं. १९०९ साली सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला पाठवली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंगनेच. ब्राउनिंग पिस्तुलं बेल्जियममध्ये बनत. त्यांच्या १९०० सालच्या नमुन्यावर खटक्याशी फ्रेंच शब्द असत: 'फ' म्हणजे आग, 'स्यूर' म्हणजे सुरक्षित. शाळा-कॉलेजात इंग्रजी शिकलेल्या आपल्या मुलांना त्यांचा काय उपयोग? हत्यार हाती आल्यावर ते हातानेच शिकावं लागलं असणार.

सगळ्यात मोठी गंमत कलाश्निकोव्हची, गंमत म्हणवत नाही खरं तर. मूळ रशियन रायफलीवर दोन रशियन संक्षेप. सर्वांत वर सेफ, मध्ये सलग मारा, खाली एकेक गोळी. तीच रायफल पूर्व जर्मनीत बनली तेव्हा सलग माऱ्याला 'डी' लिहिलं (डाउअरफॉयर) आणि एकेकीला 'ई'. चीनने आधी चिनी अक्षरं कोरली, नंतर रोमन 'एल' आणि 'डी' आणले. त्यांचा 'डी' म्हणजे 'दान', एक! दोन्ही रायफली दिसायला सख्ख्या बहिणी, आणि एकीवर 'डी' म्हणजे एक गोळी तर दुसरीवर चाप दाबून धराल तोवर गोळ्या. यातल्या कितीतरी रायफली पुढे देशोदेशी हातोहात फिरल्या. अक्षरावर विश्वास ठेवणाऱ्याचं काय झालं असेल, कल्पना करा.

दिशाही सगळीकडे सारखी नाही. आमच्या थ्री-नॉट-थ्रीला पुढे म्हणजे फायर. अमेरिकेच्या एम-१६ ला, म्हणजे भाच्याच्या रायफलीच्या थोरल्या भावाला, खटक्याचं टोक पुढे असलं की सेफ. जर्मनांच्या हेकलर-कॉख कंपनीने शेवटी अक्षरंच सोडली आणि चित्रं काढली. पांढरी गोळी काट मारलेली, लाल गोळी एक, लाल गोळ्या अनेक. हे मला पटलं. आमच्या इथला न शिकलेला भिल्लही ते एका नजरेत ओळखेल.

भाच्याला कळवलं ते इतकंच: एक अक्षर मुळीच नको, मराठीही नको, इंग्रजीही नको. कोरायचंच तर 'सुरक्षित' आणि 'मारा' असे पूर्ण शब्द कोर, पांढरा आणि लाल रंग भर, पण खटक्याची दिशा कारखान्यात ठरली तीच राहू दे. त्याला थोडं वाईट वाटलं असावं. मराठी अक्षर दिमाखाने मिरवायची त्याची हौस होती, आणि ती हौस मला आवडलीही होती.

आमच्या फायरिंग रेंजवर उस्तादजींची पद्धत वेगळीच होती. गोळ्या संपल्या की "खाली कर"चा हुकूम. सगळ्यांचे बोल्ट मागे. मग ते एकेका पोराजवळ वाकून आत डोकावत आणि करंगळी घालून चेंबर रिकामं आहे ना ते चाचपून बघत. सेफ्टी कॅच पुढे आहे की मागे, तिकडे ते पाहतसुद्धा नसत.