गोल्फच्या फटक्याचे आद्य शिक्षण
स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे वैद्यकाचे अध्ययन करणाऱ्या टॉमस किंकेड याने १६८७ च्या जानेवारीत गोल्फच्या 'स्विंग'विषयी, म्हणजे काठी मागे नेऊन चेंडूवर आणण्याच्या सलग हालचालीविषयी, रोजनिशीत केलेली टिपणे या विषयावरील ज्ञात लेखनात सर्वांत जुनी मानली जातात. हातांची हालचाल अत्यल्प ठेवून सारा फटका धड वळवून साधावा, हा त्याचा निष्कर्ष विलक्षण मोलाचा आहे, कारण केवळ बाहुबळावर विसंबणाऱ्या नवशिक्याला आजही प्रथम हेच शिकवावे लागते. गोल्फ-शिक्षणाचे पुस्तक मात्र बऱ्याच काळाने आले: पिसे भरलेल्या महागड्या चामडी चेंडूंऐवजी १८४८ पासून गट्टापर्चा या झाडाच्या चिकाचे स्वस्त चेंडू आले, खेळणारे वाढले आणि १८५७ मध्ये फार्नी नावाच्या लेखकाने टोपणनावाने गोल्फ-शिक्षणाचे पहिले पुस्तक प्रसिद्ध केले.