वरोऱ्याच्या वकिलाची नवी पाटी

व्हाइटफील्ड म्हटले की आज संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु हे गाव मुळात शेतीसाठी वसले. १८८२ साली डेव्हिड व्हाइट यांच्या अँग्लो-इंडियन मंडळाने म्हैसूरच्या महाराजांकडून जमीन मिळविली, ती पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीवर जगलेल्या आपल्या लोकांनी नांगर धरावयास शिकावे म्हणून. वसाहत लहानच राहिली. या हकिकतीत मला थोडे अधिक स्वारस्य वाटते, याचे कारण माझ्या टेबलाच्या खणात आहे. तेथे डायलिसिस-तंत्रज्ञाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा एक कोरा अर्ज पडून आहे. माझे वय छत्तीस. हुद्दा केंद्र सरकारच्या कचेरीतील कारकुनाचा. येथील सत्य साई रुग्णालय २००१ साली उघडले. त्याच्या वाटेवरून मी रोज जातो, आणि अर्जाची आठवण रोज होते.

अशा वेळी मनात येते ते वरोऱ्याच्या एका वकिलाचे नाव. मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, हिंगणघाटचा. वडील सरकारी अधिकारी, घरी जमीनजुमला, नागपूरची कायद्याची पदवी आणि वरोऱ्यास चालती वकिली. पुढे ते तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. भंग्यांचे काम काय असते हे कळावे म्हणून त्यांनी मैल्याची पाटी स्वतःच्या डोक्यावर वाहिली. अशाच दिवसांत, पावसात भिजत पडलेला तुळशीराम नावाचा महारोगी त्यांना दिसला. झडलेली बोटे आणि किडे पडलेल्या जखमा पाहून हा धीट माणूस घाबरून पळाला, व मग स्वतःच्या भयाची लाज वाटून परत फिरला.

ही कथा महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. आपण कथा सांगणारे लोक. परत फिरण्याच्या त्या क्षणापाशी आपण रमतो आणि तेथून एकदम आनंदवनात जाऊन पोहोचतो. मधला एक टप्पा आपण गाळतो, आणि माझ्यासारख्यास तोच महत्त्वाचा वाटतो. १९४९ साली हे गृहस्थ कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम शिकण्यास गेले. वय चौतीस. अभ्यासक्रम वैद्यकाच्या पदवीधरांसाठी होता. यांच्यापाशी पदवी कायद्याची. ज्याने न्यायाधीशापुढे उलटतपासण्या घेतल्या, त्याने आता आपल्याहून तरुण डॉक्टरांच्या पंगतीस बसून त्वचा, मज्जातंतू आणि जंतू यांचे पाठ गिरवावयाचे होते. करुणेने माणूस परत फिरतो हे खरे. परंतु जखम कशी धुवावी, बधिरता कशी तपासावी, औषध किती द्यावे, हे करुणा सांगत नाही.

काळही मोठा अनुकूल होता. हान्सेनने कुष्ठाचा जंतू १८७३ साली दाखविला, तरी त्यानंतरची कित्येक वर्षे उपाय म्हणून चौलमुग्र्याचे तेल टोचणे एवढेच हाती होते. १९४१ साली अमेरिकेत कार्व्हिल येथे सल्फोन-वर्गाच्या औषधाने गुण येऊ लागला आणि त्या दशकाच्या अखेरीस डॅप्सोनची स्वस्त गोळी आली. रोग बरा होऊ शकतो, व गोळी गावोगाव नेता येते, म्हणजे मोठ्या रुग्णालयाबाहेरही शिकलेल्या माणसास काम होते. हा जंतू प्रयोगशाळेतील काचपात्रात वाढत नाही (तो आजही वाढलेला नाही), म्हणून संशोधन अडले होते. तेव्हा बाबांनी आपले शरीर पुढे केले, जंतू टोचूनही घेतले. रोग जडला नाही.

विदर्भात या कामाची परंपरा होतीच. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम काढले होते, आणि अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन होते. तरी वकिलाने उठून विद्यार्थी व्हावे ही गोष्ट निराळीच.

या हिशेबातील खर्चाची बाजू मात्र आपण फारशी उघडून पाहत नाही. १९४६ च्या डिसेंबरात त्यांचे लग्न झाले होते. थोरला विकास १९४७ चा, धाकटा प्रकाश १९४८ च्या डिसेंबरातला. म्हणजे ज्या वर्षी नवऱ्याने नवी पाटी हाती घेतली, त्या वर्षी साधनाताईंच्या पदरी दोन तान्ही मुले होती. वकिलीची मिळकत संपलेली आणि पुढे महारोग्यांच्या सहवासात मुले वाढवावयाची. जून १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढे भांडवल होते असे सांगतात. विहीर खणण्यापासून सुरुवात होती. साधनाताईंनी पुढे आपल्या आठवणी ‘समिधा’ या नावाने लिहिल्या. ते नाव वाचताना प्रत्येक वेळी मी थबकतो. समिधा यज्ञात जळण्यासाठीच असतात.

बाबांना वैद्याची पदवी कधी मिळाली नाही. ती दोन्ही मुलांनी मिळविली. पद्मविभूषण, मॅगसेसे इत्यादी सन्मान वाचकांस ठाऊक आहेत. ९ फेब्रुवारी २००८ रोजी ते आनंदवनातच निवर्तले.

माझी तुलना त्यांच्याशी कोणी करू नये. मीही करीत नाही. मजपाशी ना वाडवडिलांची जमीन, ना तुळशीराम. निवृत्तिवेतनाची गणिते मात्र आहेत. अर्जात कचेरीच्या ना-हरकतपत्रासाठी रकाना आहे, शैक्षणिक पात्रतेसाठी आहे, वयासाठी आहे. पत्नीच्या संमतीसाठी नाही. ती रात्री मुलीचा अभ्यास घेत असते, तेव्हा मी तो कागद खणातून काढतो आणि पुन्हा आत ठेवतो. तिला अजून विचारलेले नाही.